पार्श्वभूमी: लेक्स फ्रिडमन माइकपर्यंत कसे पोचले

माझी भाची रोज सकाळी ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकल पकडते, कोपरखैरणेला उतरते आणि शेअर रिक्षाने महापेच्या ऑफिसात जाते. सगळा वेळ कानात हेडफोन, आणि त्यात बहुतेक लेक्स फ्रिडमन यांचा पॉडकास्ट, म्हणजे नेटवर ऐकायच्या लांबलचक मुलाखती. परवा जेवताना तिनं विचारलं, "मावशी, हे लेक्स फ्रिडमन नक्की कोण गं? संशोधक की मुलाखतकार? आमच्या टीममध्ये यावरून रोज वाद होतो." ताटावर बसून दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

फ्रिडमन यांचा जन्म १९८३चा, तेव्हाच्या सोव्हिएत ताजिकिस्तानातला. बालपण मॉस्कोत गेलं. सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर काही वर्षांनी कुटुंब अमेरिकेत शिकागोजवळ येऊन राहिलं, तेव्हा ते साधारण अकरा वर्षांचे होते. वडील अलेक्झांडर फ्रिडमन प्लाझ्मा भौतिकीतले शास्त्रज्ञ, फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात प्राध्यापक. मुलाचं सगळं उच्चशिक्षणही ड्रेक्सेललाच झालं. २०१४मध्ये पीएचडी मिळाली.

या पीएचडीच्या विषयाकडे फारसं कुणी बघत नाही. तो विषय होता, माणसाच्या वागण्यावरून त्याची ओळख पटवणं. आपलं बँकेचं ॲप उघडताना पिन मागतं, ओटीपी मागतं. पण एकदा आत गेल्यावर फोन कुणाच्या हातात आहे, याची त्याला फिकीर नसते. फ्रिडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा प्रश्न असा होता की, आत गेल्यावरही यंत्राने सतत ओळख पडताळत राहायचं तर कशाच्या आधारावर? टायपिंगची लय, शब्द निवडायची सवय, कोणती ॲप कधी उघडतो, कुठे कुठे जातो. एका अभ्यासात त्यांनी २०० जणांच्या स्वतःच्या अँड्रॉइड फोनवरून किमान ३० दिवसांची अशी माहिती गोळा केली. माणसाकडे बराच वेळ, न कंटाळता बघत राहायचं आणि त्यातून तो कोण हे ओळखायचं, हा या कामाचा गाभा. पुढच्या सगळ्या कारकिर्दीत मला तोच धागा दिसतो.

पीएचडीनंतर ते गूगलमध्ये गेले आणि सुमारे सहा महिन्यांतच बाहेर पडले. २०१५मध्ये एमआयटीत आले (पुण्याची नव्हे, अमेरिकेतल्या केम्ब्रिजची). तिथे त्यांच्या वाट्याला आला विनाचालक गाड्यांचा विषय, आणि तोही अगदी ऐन भरात असताना. २००४मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या डार्पा या संस्थेने मोहावे वाळवंटात विनाचालक गाड्यांची शर्यत ठेवली होती. एकही गाडी शेवटपर्यंत पोचली नाही. पुढच्याच वर्षी स्टॅनफर्डच्या 'स्टॅनली' गाडीने दोनशेहून अधिक किलोमीटरचं अंतर पुरं करून बाजी मारली. २०१२मध्ये टोरंटोच्या जेफ्री हिंटन यांच्या गटाने चित्रं ओळखण्याच्या स्पर्धेत डीप लर्निंगची, म्हणजे ढीगभर उदाहरणांवरून यंत्राने स्वतः शिकण्याच्या पद्धतीची, ताकद दाखवली आणि गाडीच्या कॅमेऱ्याला रस्ता 'समजेल' अशी आशा वाढली. २०१५च्या ऑक्टोबरात टेस्लाने 'ऑटोपायलट' ग्राहकांच्या गाड्यांत सुरू केलं. गाडी काही अंशी स्वतः चालते, पण नजर मात्र चालकाने ठेवायची. अशा वेळी चालक खरंच बघत असतो का?

एमआयटीच्या गटाने लोकांच्या गाड्यांत कॅमेरे बसवून हेच मोजायला घेतलं. एप्रिल २०१९मध्ये फ्रिडमन आणि सहकाऱ्यांनी टेस्लावरचा अभ्यास मांडला. २१ गाड्या, एकूण सुमारे ३ लाख २३ हजार मैल, त्यातले १ लाख १२ हजार मैल ऑटोपायलटवर. चालकाने ऑटोपायलट बाजूला सारून गाडी स्वतःच्या हातात घेतल्याचे जवळजवळ १९ हजार प्रसंग त्यांनी तपासले. निष्कर्ष असा की, या चालकांची सावधता टिकून होती.

यावर टीका झाली आणि माझ्या मते ती गंभीरपणे घ्यायला हवी. अभ्यास छापण्याआधी इतर तज्ज्ञांनी तपासलेला नव्हता. माणसं थोडी, त्यातही नवी महागडी गाडी हौसेने घेणारी. मुख्य म्हणजे आधीच्या कित्येक दशकांचं संशोधन उलट बाजूने बोलत होतं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी १९४८मध्ये रडारवर नजर ठेवणाऱ्यांचा प्रश्न सोडवताना घड्याळाचा एक प्रयोग केला. एकसुरी फिरणारा काटा मधूनच दुप्पट उडी मारतो, ती टिपायची. पहिल्या अर्ध्या तासातच लोकांच्या चुका ठळक वाढल्या. फारसं काही घडतच नसेल तर माणसाचं लक्ष ढळतं, मग तो कितीही प्रामाणिक असो. आपल्या लोकलच्या मोटरमनला म्हणूनच एक हँडल सतत दाबून धरावं लागतं. हात सुटला की गाडीला ब्रेक लागतो. नवी मुंबईतल्या पाम बीच रोडच्या सरळ पट्ट्यावर रात्री गाडी चालवलेल्या कुणालाही लक्ष कसं निसटतं ते माहीत आहे. २१ गाड्यांवरून हे सगळं पुसता येत नाही. त्याच महिन्यात टेस्लाचे इलॉन मस्क फ्रिडमन यांच्या पॉडकास्टवर आले. अभ्यासाचा विषय असलेल्या कंपनीचा प्रमुख समोर पाहुणा म्हणून बसलेला, हे टीकाकारांना खटकलं आणि मलाही खटकतं. पण फ्रिडमन हे नाव घराघरांत गेलं ते त्या मुलाखतीनंतर, हेही खरं.

हा पॉडकास्ट मुळात वर्गातून जन्मला. जानेवारी २०१७मध्ये फ्रिडमन यांनी एमआयटीत विनाचालक गाड्यांसाठी डीप लर्निंग असा छोटा कोर्स घेतला आणि व्याख्यानं यूट्यूबवर सगळ्यांना खुली केली. आपल्याकडच्या इंजिनीअरिंगच्या मुलांना असं शिकवणं फुकट मिळणं ही केवढी मोठी गोष्ट होती, ते त्या काळात शिकलेल्यांना विचारा. २०१८मध्ये माणसासारख्या सर्वांगीण कृत्रिम बुद्धिमत्तेवर दुसरा कोर्स झाला. त्या कोर्ससाठी भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स टेगमार्क यांच्याशी केलेला संवाद हाच पॉडकास्टचा पहिला भाग. नावातही तेव्हा एमआयटी आणि आर्टिफिशियल इंटेलिजन्स होतं. २०२०मध्ये ते बदलून फक्त स्वतःचं नाव राहिलं.

'पॉडकास्टिंग' हा शब्द २००४चा, ब्रिटनच्या 'गार्डियन' दैनिकातला. २००५मध्ये ॲपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्टला जागा दिली. आपल्याकडे मात्र तासन्‌तास ऐकणं शक्य झालं ते सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आल्यावर. त्या कंपनीचा मोठा कारभार घणसोलीच्या आवारातून चालतो. भाचीची लोकल रोज त्या स्टेशनवरून जाते. त्याआधी नेटपॅक पुरवून पुरवून वापरणाऱ्या आपल्या घरात तीन तासांची मुलाखत कोण ऐकणार होतं? आता ती तीन तासांची मुलाखत भाचीच्या चार-पाच दिवसांच्या जाण्या-येण्यात संपते. २०२४मध्ये मेंदूत चिप बसवणाऱ्या न्यूरालिंकच्या मंडळींसोबतचा एक भाग साडेआठ तासांहून मोठा होता.

पहिल्या दोन-तीन वर्षांचे पाहुणे बघा: कृत्रिम बुद्धिमत्तेचे संशोधक योशुआ बेंजियो आणि स्टुअर्ट रसेल, पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा घडवणारे गिडो व्हॅन रॉसम, संगणकशास्त्रज्ञ जूडिया पर्ल आणि डोनाल्ड नूथ, मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन. या भागांबद्दल मला मनापासून आदर आहे. फ्रिडमन हळू बोलतात, मध्ये तोडत नाहीत, 'हे साध्या भाषेत सांगा' असं सांगायला लाजत नाहीत. ऐंशीच्या घरातले नूथ आपल्या पहिल्या संगणकाबद्दल बोलत असताना घाई न करणारा श्रोता समोर लागतो. तिथे विषयाचं शिक्षण कामी येतं. उत्तरातलं काय महत्त्वाचं ते विचारणाऱ्याला कळतं. १८९३पासून मराठी ग्रंथ संग्रहालय सांभाळणाऱ्या आणि व्याख्यानमालांची सवय असलेल्या ठाण्याला हे नवं नाही. शांतपणे ऐकायचं आणि शेवटी नेमका प्रश्न विचारायचा, हे आमच्या आधीच्या पिढीने सतरंजीवर बसून केलं आहे.

पुढे पाहुण्यांत राजकारणी वाढले. नेतान्याहू, ट्रम्प, जानेवारी २०२५मध्ये झेलेन्स्की. मार्च २०२५मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी. तीन तासांहून मोठा संवाद, त्याआधी फ्रिडमन यांनी पंचेचाळीस तास उपवास केला होता. मोदी हिंदीत बोलले आणि इंग्रजी ऐकणाऱ्यांसाठी यंत्राने केलेला आवाजी अनुवाद होता. झेलेन्स्की यांच्या वेळी तर युक्रेनियन, रशियन आणि इंग्रजी अशा तीन भाषा होत्या. युद्ध चालू असताना त्यांनी रशियनमध्ये बोलावं अशी इच्छा फ्रिडमन यांनी धरली, त्यावर बरंच वादंग झालं.

शास्त्रज्ञासमोर जो संयम गुण ठरतो तोच सत्ताधाऱ्यासमोर अपुरा पडतो, असं मला वाटतं. नूथ यांना काही लपवायचं नसतं. देश चालवणाऱ्याला असतं, आणि तिथे आकडा हातात घेऊन दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा विचारावं लागतं. ते काम वेगळं, त्याची तालीमही वेगळी. ती पत्रकार वर्षानुवर्षं घेतात. फ्रिडमन यांची तालीम माणसाकडे बघत राहण्याची आहे.

भाचीच्या टीममधल्या वादाला म्हणूनच माझं उत्तर असं: २०१४ ते २०१९चं काम संशोधकाचं, त्यातला शेवटचा अभ्यास कच्चा, एमआयटीशी नातं पुढेही टिकलं, पण २०२०नंतर वजन माइकवर. तिला मी नूथ यांच्या भागापासून सुरुवात करायला सांगितलं. सोमवारी सकाळच्या गाडीत लावते म्हणाली, आणि ऑफिसातल्या दुसऱ्या गटाला टेस्लाचा अभ्यास वाचायला पाठवणार आहे.