माणसांची नामे घडवणारे प्रत्यय (नॉर्वेजियन)

नॉर्वेजियन भाषेत क्रियापद, विशेषण, गावाचे किंवा देशाचे नाव यांना प्रत्यय जोडून माणसासाठी नाम तयार होते. त्यांपैकी सर्वांत राबता प्रत्यय '-एर'. 'बाके' म्हणजे भट्टीत भाजणे, 'बाकेर' म्हणजे पाव भाजणारा; 'फिस्के' म्हणजे मासे पकडणे, 'फिस्केर' म्हणजे कोळी. नॉर्वेजियनच्या दोन प्रमाण लेखनपद्धतींपैकी बुकमोलमध्ये हा प्रत्यय '-एर' असा लिहितात, नीनोर्स्कमध्ये '-आर'. दोन्हींचे मूळ लॅटिन '-आरियुस'पर्यंत जाते. हा प्रत्यय माणसापुरताच नाही: 'स्टोव्हसूगेर' म्हणजे धूळ शोषणारा, अर्थात व्हॅक्युम क्लीनर.

नवशिक्याची खरी अडचण वेगळीच असते. बुकमोलमध्ये बहुतेक क्रियापदांचे वर्तमानकाळी रूपही '-एर'नेच संपते आणि ते लिंग-वचनानुसार बदलत नाही. त्यामुळे 'बाकेर' हे नाम की 'भाजतो, भाजते, भाजतात' हे क्रियापद, ते वाक्यावरूनच ओळखावे लागते. अनेकवचनाने मात्र नाम उघडे पडते: 'बाकेरे' म्हणजे अनेक बेकर, 'बाकेर्ने' म्हणजे ते ठरावीक बेकर. व्यवसाय सांगताना अनिश्चित उपपद (इंग्रजी 'a'सारखे) गळते. 'ती शिक्षक आहे' हे 'हुन् एर लॅरेर' असे म्हणतात. विशेषण आले, म्हणजे 'ती चांगली शिक्षक आहे' म्हणायचे असेल, तर 'एन' हे उपपद परत येते.

'लॅरे' या क्रियापदाचे अर्थ शिकणे आणि शिकवणे असे दोन्ही होतात. तरी 'लॅरेर' हा फक्त शिकवणारा. हाताखाली धंदा शिकणारा उमेदवार तो 'लॅरलिंग'. एकाच धातूतून गुरू आणि शागीर्द वेगळे करण्याचे काम येथे प्रत्ययच करतो. '-लिंग'ला अनेकदा धाकटेपणाची किंवा हिणवण्याची छटा असते, जसे 'स्वेकलिंग' म्हणजे दुबळा माणूस. बोलभाषेतला '-इस' उलट सलगीचा: 'कोम्पिस' म्हणजे दोस्त, 'शेन्दिस' म्हणजे प्रसिद्ध व्यक्ती.

लॅटिन-फ्रेंच वळणाचे प्रत्यय ('स्टुडेंट', 'शुर्नालिस्ट', न्हाव्यासाठी 'फ्रिसॉर') ओळखायला सोपे, कारण शब्दातला आघात त्या प्रत्ययावरच पडतो. 'प्रोफेसोर' थोडा खोडकर आहे: एकवचनात आघात 'फे'वर, अनेकवचनात तो 'सो'वर सरकतो.

गावकऱ्यांच्या नावांना एकच नियम नाही; आपल्या 'पुणेकर', 'नागपूरकर'मधल्या '-कर'सारखा सरसकट चालणारा प्रत्यय तेथे नाही. बेर्गेनचा माणूस 'बेर्गेन्सेर' (यात लॅटिन '-एन्सिस' दडला आहे), वॉसचा 'वॉसिंग', ट्रोम्सोचा 'ट्रोम्सोव्हॅरिंग'. देशांचेही तसेच. आइसलँडचा माणूस 'ईसलेन्निंग', भारताचा 'इंदेर'. 'इंदियानेर' मात्र अमेरिकेतला मूलनिवासी, ही गल्लत टाळलेली बरी. खुद्द नॉर्वेचा माणूस 'नूर्मान'. त्यातला 'मान' म्हणजे पुरुष असला तरी शब्द स्त्रियांनाही लागू होतो.

स्त्रीवाचक '-इन्ने' आणि '-स्के' यांची कहाणी सर्वांत बोलकी आहे. हे दोन्ही मध्ययुगात लो जर्मन, म्हणजे उत्तर जर्मनीतल्या भाषेच्या प्रभावातून रुजले. 'लॅरेरिन्ने' म्हणजे शिक्षिका. 'गेनेरालिन्ने' म्हणजे मात्र जनरलची बायको, अगदी आपल्या 'पाटलीण'सारखी. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात असे शब्द मागे पडत गेले आणि '-एर' स्त्री-पुरुष दोघांनाही चालू लागला. 1912 साली बेर्ग्ल्योत लार्सन यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या परिचारिका संघटनेच्या नावातच '-स्के' होता. आजच्या नावात तो नाही. 'व्हेनिन्ने' (मैत्रीण) मात्र टिकून आहे, कारण तेथे लिंग सांगणे हाच शब्दाचा हेतू आहे.

'-मान'वाली पदनामे अधिक चिवट निघाली. व्याकरणदृष्ट्या हा प्रत्यय नव्हे, समासाचे उत्तरपद. पण वापर प्रत्ययासारखाच. 1974 मध्ये एब्बा लॉदेन या आउस्ट-आग्देर प्रांताच्या 'फिल्केस्मान' झाल्या, देशातल्या पहिल्या स्त्री प्रांताधिकारी, आणि पदनाम 'मान'चेच राहिले. ते बदलून 'स्टात्सफॉर्व्हाल्टेर' (राज्य-प्रशासक) व्हायला 2021 उजाडले. म्हणजे शेवटी '-एर'च कामी आला. त्याआधी, 2019 मध्ये, सार्वजनिक आरोग्यसेवेतल्या 'हेल्सेसॉस्तेर' (आरोग्यभगिनी) 'हेल्सेसीकेप्लेयेर' (आरोग्य-परिचारक) झाल्या. सुईणीला म्हणतात 'यूर्मूर'; त्यातला 'मूर' म्हणजे आई, आणि हे काम करणारा पुरुषही अजून 'यूर्मूर'च.