सिस्टर लोकांसाठी : युनिफॉर्म हायपोत (क्लोरीनवाल्या ब्लीचमध्ये) टाकायच्या आधी हे वाचा

डॉ. वानलेस यांनी १८९४ ला मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून मिरज दवाखान्यांचं गाव आहे, त्यामुळं आमच्या युनिफॉर्म शिवायच्या दुकानात सिस्टर लोकांचंच काम जास्त. आणि सारखं कुणीतरी पांढरा टॉप काउंटरवर पसरून विचारतंच, हे तपकिरी डाग कसले, कापड खराब लागलं का. कापड खराब नाही हो ताई.

होतं काय, ड्युटीवर क्लोरहेक्सिडीन, म्हणजे जंतू मारायचं औषध, अंगावर उडतं, हँडरबमधलं असंल नाहीतर ड्रेसिंग ट्रॉलीवरचं, ते कॉटनला धरून बसतं आणि दिसत नाही. घरी येऊन तुम्ही टॉप हायपोत भिजवता, त्यातल्या क्लोरीनशी त्याची गाठ पडली की बरोबर तिथंच चहा सांडल्यासारखा डाग उठतो. मग तो जावा म्हणून परत हायपो! तसं करू नका, त्यानं तो निघत नाही. असे पीस आम्ही बदलून देत नाही, राग मानू नका, पण शिवण उसवली, बटण निघालं, फिटिंग चुकलं तर कधीही आणा, पैसे घेत नाही.

रक्त लागलं असंल तर आधी गार पाण्यात धुवा, गरम पाण्यानं ते पक्कं बसतं. नंतर टेरीकॉट ६० डिग्रीच्या पाण्यात पावडर टाकून दहा मिनिटं धुतलं तरी बहुतेक जंतू जातात. पांढरेपणा पाहिजेच तर ऑक्सिजनवालं ब्लीच घ्या. स्ट्रेच कापडाला तर क्लोरीन दाखवूच नका, त्यातली लायक्रा मरते आणि पँटला गुडघ्यावर फुगे येतात. तुमच्या दवाखान्याचा हायपोचा नियमच असंल तर तो पाळायचाच, फक्त ऑर्डर देतानाच सांगा, त्या हिशोबानं कापड काढून देतो.

वॉर्डसाठी बऱ्याच जणी टेरीकॉटच घेतात, ६५ टक्के पॉलिएस्टर आणि ३५ टक्के कॉटन, पावसाळ्यात सुद्धा लवकर वाळतं. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात प्युअर कॉटन अंगाला बरं वाटतं, पण ते आटतं, म्हणून आम्ही कापायच्या आधी भिजवून वाळवून घेतो, त्यात दोन दिवस जास्त जातात आणि ते घालवायलाच पाहिजेत. बाही कोपराच्या वरच ठेवा, हात नीट धुता येतात. पेशंटला कुशीवर वळवताना काखेत ओढू नये म्हणून मुंढा आम्ही जरा सैल कापतो, तेव्हा ट्रायलला नुसतं आरशात बघू नका, दोन्ही हात वर करा, खाली वाकून बघा. वाकलं की छातीवरच्या खिशातला पेन पेशंटच्या अंगावर पडतो, म्हणून आता बऱ्याच जणी खालच्या खिशाच्या आत पेन आणि कात्रीला वेगळा कप्पा मागतात, तो आम्ही त्याच शिलाईत देतो.

सगळ्या स्टाफचे एकदम टाकणार असाल तर व्हॉट्सॲपवर एम, एल असं लिहून पाठवू नका, प्रत्येकीचा नीट बसणारा एक जुना टॉप नावाची चिठ्ठी लावून पाठवा. संध्याकाळची ड्युटी करून येणार असाल तर आधी फोन करा, थांबतो.