नंबर जातो, डोळ्याची लांबी जात नाही

‘उणे आठचा चष्मा होता, लॅसिक करून घेतलं, आता डोळे एकदम ठणठणीत.’ हे वाक्य इतक्यांदा कानावर येतं की त्यावर एकदा सविस्तर लिहायलाच हवं. चष्मा गेला, इथपर्यंत खरं आहे. डोळे ठणठणीत झाले, हे मात्र लॅसिकनं केलेलं नाही आणि ते त्याला जमणारंही नाही. अशा समजुतीत असलेली माणसं पुढे वर्षानुवर्षं डोळ्यांच्या डॉक्टरकडे फिरकत नाहीत. जाड चष्मा असता तर निदान नंबर तपासायला तरी गेली असती.

शाळेत लघुदृष्टीची आकृती सगळ्यांनी काढलेली असते. लांबच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडे पडते, अंतर्गोल भिंग लावलं की ती मागे सरकून पटलावर येते. ती अलीकडे का पडते, याकडे मात्र फारसं लक्ष जात नाही. बहुतेक मोठ्या नंबरांचं कारण म्हणजे डोळाच पुढून मागे लांबलेला असतो. प्रौढ माणसाचा डोळा सुमारे २४ मिलिमीटर लांब असतो. त्यात एका मिलिमीटरची भर पडली की नंबर साधारण अडीच-तीनने वाढतो. उणे सहा किंवा त्याहून मोठ्या नंबराला तीव्र लघुदृष्टी म्हणतात आणि अशा डोळ्याची लांबी सहसा २६ मिलिमीटरच्या पुढे गेलेली असते. लॅसिकमध्ये कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या अगदी पुढच्या पारदर्शक पटलाचा, मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा थर तासून त्याची गोलाई कमी करतात. त्यामुळे प्रतिमा जागेवर येते. मागे ताणला गेलेला डोळा होता तेवढाच लांब राहतो.

या ताणाचा फटका आतल्या पटलांना बसतो. माणसाच्या दृष्टिपटलात मोठेपणी नव्या चेतापेशी तयार होत नाहीत. आहेत त्याच पेशींना वाढलेल्या जागेवर पसरावं लागतं आणि पटल विरळ होतं. त्याच्या मागचं रक्तवाहिन्यांचं जाळं, कोरॉइड, तेही पातळ होतं. काही डोळ्यांत मागची भिंत एका ठिकाणी बाहेर फुगते, आधाराच्या पडद्याला बारीक भेगा पडतात आणि त्या भेगांमधून नको त्या नव्या रक्तवाहिन्या मध्यबिंदूखाली, म्हणजे मॅक्युलाखाली, घुसतात. मग सरळ रेघा वाकड्या दिसू लागतात, वाचताना अक्षराच्या मध्येच डाग येतो. यावर आता डोळ्यात देण्याची इंजेक्शनं आहेत आणि वेळेत दिली तर बरीच नजर वाचते. म्हणून मोठा नंबर असलेल्यांनी अधूनमधून एक डोळा झाकून दाराची चौकट किंवा फरशीची रेघ बघावी. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा दुसऱ्याची खोट झाकून टाकतो.

पण मला सगळ्यात विलक्षण वाटते ती दृष्टिपटल सुटण्याची गोष्ट. बोलीभाषेत ‘पडदा सरकला’ म्हणतात ती. एवढं महत्त्वाचं पटल आपल्या जागेवरून सुटूच कसं शकतं, याचं उत्तर गर्भावस्थेत आहे. गर्भाच्या चौथ्या-पाचव्या आठवड्यात मेंदूतून एक पोकळ फुगा बाहेर येतो, तो पुढून आत दबतो आणि त्याची दुहेरी भिंतीची वाटी बनते. आतल्या भिंतीचं दृष्टिपटल होतं आणि बाहेरच्या भिंतीचा रंगद्रव्यानं भरलेला, एकाच पेशीच्या जाडीचा थर होतो. दोन भिंती जवळ येतात, मधली पोकळी मिटते, पण त्या एकमेकींत कधीच पक्क्या जुळत नाहीत. दोन ओल्या काचा जशा नुसत्या एकमेकींवर चिकटून राहतात, तसं दृष्टिपटल जन्मभर त्या थरावर टेकून असतं. रंगद्रव्याचा थर मधलं पाणी अखंड बाहेर, कोरॉइडकडे उपसत असतो आणि त्या ओढीनं पटल जागेवर बसून राहतं. मधे पाणी शिरायला वाट मिळाली आणि उपसा कमी पडला, की मिटलेली ती गर्भातली फट पुन्हा उघडते.

वाट करून देतो तो डोळ्याच्या पोटात भरलेला पारदर्शक जेल, व्हिट्रियस. त्यात ९८ टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. कोलॅजनचे अतिशय बारीक धागे आणि हायलुरॉनिक ॲसिड मिळून त्या पाण्याला आकार देतात. हे धागे दृष्टिपटलाला चिकटलेले असतात आणि पटलाच्या कडेच्या पट्ट्यात तर फार घट्ट. वय वाढतं तसा जेल जागोजागी विरघळून पातळ होतो, आकसतो आणि एके दिवशी मागून सुटून पुढे येतो. साठी-सत्तरीपर्यंत बहुतेकांच्या डोळ्यात हे घडतं आणि बहुतेकांचं काही बिघडत नाही. लांब डोळ्यात मात्र हे कित्येक वर्षं आधी घडतं आणि तिथे पटल आधीच विरळ झालेलं असतं. अशा डोळ्यांच्या कडेला जाळीदार झिजेचे पट्टेही जास्त आढळतात. त्यांना लॅटिस म्हणतात. लॅटिसच्या काठाला जेल विशेष घट्ट धरून असतो. सुटणारा जेल तिथे अडकतो, पण डोळा तर सतत इकडेतिकडे फिरत असतो. प्रत्येक हालचालीबरोबर आतला जेल हिंदकळतो, अडकलेल्या जागी हिसका बसतो आणि पटल घोड्याच्या नालेच्या आकारात फाटतं. फाटलेली जीभ जेलच्या ओढीनं उघडी राहते, विरघळलेलं पाणी तिथून मागे शिरतं आणि पटल सुटत जातं.

दृष्टिपटलाला वेदना कळत नाही. त्याला ओढलं, हिसका दिला तरी ते मेंदूला प्रकाशाचाच संदेश पाठवतं. म्हणून जेल पटलाला ओढत असताना अंधारात, डोळा वळवताना, नजरेच्या कडेला वीज चमकल्यासारखं दिसतं. फाटताना एखादी रक्तवाहिनी तुटली तर अचानक काळे ठिपके तरंगू लागतात. पटल सुटू लागलं की एका बाजूनं सावली पुढे सरकते. पटलावर प्रतिमा उलटी पडते, त्यामुळे वरचं पटल सुटलं तर सावली खालून येते. पाणी खाली उतरत असल्यानं वरचं सुटलेलं पटल भराभर मध्यबिंदूकडे पोचतं. मध्यबिंदूच्या पेशींचं पोषण पूर्णपणे मागच्या कोरॉइडवर अवलंबून असतं. तिथून त्या सुटल्या की उपासमार सुरू होते आणि पुढे पटल बसवलं तरी नजर पूर्वीइतकी येईलच असं नाही. मध्यबिंदू सुटण्याआधीचा दिवस आणि नंतरचा दिवस यांत म्हणूनच फार मोठा फरक असतो. नवे ठिपके, चमक किंवा सावली यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावं. अशी नवी लक्षणं घेऊन आलेल्या दहा जणांमागे एकदोघांच्या पटलाला खरोखर चीर गेलेली असते.

धोका किती? अमेरिकेतल्या १९९३ च्या एका मोठ्या अभ्यासात उणे एक ते तीन नंबर असलेल्यांना पटल सुटण्याचा धोका नंबर नसलेल्यांच्या सुमारे चौपट आढळला, उणे तीनच्या पुढे सुमारे दहापट. तरीही लॅटिस असलेल्या बहुतेकांचं पटल आयुष्यात कधीच सुटत नाही, त्यामुळे अहवालात हा शब्द दिसला म्हणून झोप उडवून घेऊ नये.

शंभर वर्षांपूर्वी पटल सुटलं की आंधळेपण जवळपास ठरलेलं असे. स्वित्झर्लंडमधल्या लोझानचे नेत्रतज्ज्ञ ज्यूल गोनँ यांनी १९२० च्या दशकात दाखवून दिलं की मूळ दोष त्या चिरेत आहे आणि ती नेमकी शोधून डागून बंद केली तर पटल पुन्हा बसतं. पुढे जर्मनीत मायर-श्विकेराथ यांनी १९४५ च्या सूर्यग्रहणाकडे बघून भाजलेल्या दृष्टिपटलाचा व्रण पाहिला आणि हेच भाजणं उपचारासाठी वापरण्याचं ठरवलं. आजची लेसर त्याच विचारातून आली. पटल सुटण्याआधी चीर सापडली तर तिच्याभोवती लेसरचे ठिपके मारतात. दहा-पंधरा दिवसांत तिथे व्रण होऊन पटल मागच्या थराला खरोखर जुळतं, गर्भात जे झालं नव्हतं ते तेवढ्या जागेपुरतं होतं. पटल सुटल्यावर मात्र शस्त्रक्रियेला पर्याय नाही.

तरुण लघुदृष्टीवाल्यांत आणखी एक प्रकार असतो. लॅटिसमधल्या गोल छिद्रांतून पाणी अगदी हळू झिरपतं, चमक नाही, ठिपके नाहीत, आणि सावली जाणवते तेव्हा बराच उशीर झालेला असतो. लक्षणांची वाट न पाहता तपासणी करायची ती यासाठी. चष्म्याच्या दुकानात नंबर काढला म्हणजे ती तपासणी झाली असं होत नाही. इथे थेंब टाकून बाहुली मोठी करतात, डॉक्टर कपाळावर दिवा बांधतात, हातात भिंग धरतात आणि पापणीवरून धातूच्या छोट्या दांडीनं डोळा हलकेच दाबतात. दाबलं की कडेचं पटल आत उचललं जातं आणि एरवी लपलेला काठ दिसतो. थोडं अवघडतं, पुढचे काही तास जवळचं धूसर दिसतं, एवढंच. मोठा नंबर असलेल्यांनी, लॅसिक झालेल्यांनीही, ही तपासणी साधारण वर्षातून एकदा करावी. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी तर नक्कीच, कारण त्यानंतर लांब डोळ्यांत पटल सुटण्याचा धोका आणखी वाढतो. डोळ्यावर ठोसा किंवा चेंडू बसेल असे खेळ संरक्षक चष्म्याविना खेळू नयेत.

डोळ्यांचे व्यायाम, तळव्यांनी डोळे झाकून बसणं, मधाचे थेंब, असल्या उपायांनी नंबर ‘घालवून’ देणाऱ्यांचा बाजार जोरात असतो. लांबलेला डोळा व्यायामानं आखूड होत नाही. या नादात तपासण्या चुकतात आणि खरं नुकसान तिथेच होतं. मुद्दाम कमी नंबरचा चष्मा दिला की नंबर वाढत नाही, हाही असाच समज. मलेशियातल्या २००२ च्या चाचणीत कमी नंबरचा चष्मा दिलेल्या मुलांचा नंबर उलट जास्त वेगानं वाढला.

लांबी रोखायची तर ती लहानपणीच, डोळा वाढत असताना. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीतल्या मुलांना शाळेतच रोज ४० मिनिटं जास्त वेळ बाहेर ठेवलं. तीन वर्षांनी त्या मुलांपैकी ३०.४ टक्क्यांना लघुदृष्टी आली होती, इतर मुलांत ३९.५ टक्क्यांना. घरात काहीशे लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) उजेड असतो, बाहेर सावलीतही हजारो. भरपूर उजेडात दृष्टिपटलातून डोपामिन हे चेतापेशींचं रसायन जास्त सुटतं आणि ते डोळ्याच्या वाढीला लगाम घालतं, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दिसतं. एकदा नंबर लागल्यावर केवळ बाहेर खेळण्याचा उपयोग कमी होतो. मग सौम्य ॲट्रोपिनचे थेंब किंवा खास रचनेची भिंगं कामी येतात. हाँगकाँगच्या चाचणीत ०.०५ टक्के ॲट्रोपिननं पहिल्या वर्षी नंबर वाढण्याचा वेग सुमारे दोन तृतीयांशानं घटला. हे थेंब एकाएकी बंद केले तर नंबर पुन्हा वेगानं वाढू शकतो, म्हणून डॉक्टर ते टप्प्याटप्प्यानं कमी करतात आणि दर काही महिन्यांनी नंबराबरोबर डोळ्याची लांबीही मोजून नोंदवतात. नंबर एकानं जरी कमी वाढला, तरी पुढे मॅक्युला खराब होण्याची शक्यता सुमारे ४० टक्क्यांनी घटते असा अंदाज आहे.