देव्हारा आणि देवघर

नव्या घराची आखणी सुरू झाली की 'देवघर कुठे करायचे?' हा प्रश्न हमखास निघतो, आणि बहुतेक वेळा त्याचे उत्तर म्हणून दुकानातला एखादा सागवानी किंवा संगमरवरी देव्हारा पसंत केला जातो. बोलताना आपण हे दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. व्युत्पत्तीच्या दृष्टीने त्यात फारशी चूकही नाही, कारण 'देवगृह' हाच शब्द झिजत झिजत 'देव्हारा' झाला आहे. मराठी घराच्या रोजच्या व्यवहारात मात्र या दोन शब्दांनी दोन निराळ्या गोष्टी सांभाळल्या आहेत. देव ज्यात बसतात ती वस्तू म्हणजे देव्हारा. आणि ती वस्तू जिथे ठेवली आहे, जिथे माणूस देवांसमोर बसतो, ती खोली किंवा तो कोपरा म्हणजे देवघर. घरात शांत, पवित्र अशी एक जागा असावी असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांच्यासाठी हा फरक फार कामाचा आहे.

देव्हाऱ्याचे माप देवांवरून ठरते. घरातली मूर्ती अंगठ्याच्या पेराएवढीपासून फार तर एक वीत, म्हणजे १२ अंगुळे उंचीची असावी, असे मत्स्यपुराणात सांगितले आहे, आणि आपल्या घरांतले देव पाहिले तर ते बहुधा याच मापात बसतात. चांदीच्या पत्र्यावर खंडोबा, भवानी अशी कुलदैवते उठवलेले टाक तळहातावर मावतात. मुलीने लग्नात माहेरून आणलेली अन्नपूर्णा आणि रांगता बाळकृष्ण तर मुठीत मावतात. पंचायतन असेल तर मुख्य देवता मध्यभागी आणि उरलेल्या चार तिच्या चार कोपऱ्यांना अशी मांडणी असते, आणि त्यातही विष्णूसाठी शाळिग्राम, शिवासाठी नर्मदेतला बाण, गणपतीसाठी शोणभद्र असे लहानसे पाषाणच पूजले जातात. त्यामुळे कळस, कमान आणि नक्षीचे खांब कितीही भव्य केले, तरी आतली बैठक वीतभर देवांना शोभेल एवढीच लागते. देव्हारा फार उंच आणि खोल झाला की देव आत हरवतात, आणि रोज त्यांना बाहेर काढताना हात अवघडतो.

देवघराचे माप माणसावरून ठरते. रोजच्या पूजेत देव देव्हाऱ्यातून ताम्हणात येतात, त्यांना स्नान घातले जाते, वस्त्राने पुसून गंध-फूल वाहिले जाते आणि मग ते पुन्हा जागेवर जातात. हे सगळे बसून करायचे असते. म्हणजे पाट, पुढे ताम्हण, उजव्या हाताला पळी-पंचपात्र, सहाण आणि चंदनाचे खोड, फुलांची परडी, बाजूला निर्माल्याचे भांडे, आणि मांडी घातलेल्या माणसाचे गुडघे कशालाही न लागता मावतील एवढी जमीन, हे देवघराचे खरे क्षेत्रफळ. दिशेचा विचारही जागेचाच आहे. देवघर ईशान्येला असावे, पूजा करणाऱ्याचे तोंड पूर्वेकडे किंवा उत्तरेकडे असावे, हे जे सांगितले जाते ते देव्हाऱ्याच्या कारागिरीला लागू होत नाही. ते घर आखतानाच ठरवावे लागते. जुन्या घरांत देवघर माजघराला किंवा स्वयंपाकघराला लागून असे, त्याचे कारणही उघड आहे. सोवळ्यातला नैवेद्य चार पावलांत देवापर्यंत पोहोचावा आणि बाहेरच्या वर्दळीची वाट तिथून जाऊ नये.

माझ्या आजोळी देव्हारा असा नव्हताच. मातीच्या जाड भिंतीत एक कोनाडा होता, त्यात लाल वस्त्रावर देव मांडलेले असत, आणि कोनाड्याच्या वरच्या कडेला निरांजनाच्या काजळीचा एक काळा, तुळतुळीत पट्टा उमटला होता. सहाणेला मधोमध खळगा पडला होता. त्या खळग्यात आजीने गंध उगाळायला घेतले की खोडाचा घसघस आवाज माजघरापर्यंत येई आणि आम्ही मुले आपोआप हळू बोलू लागत असू. कुणी गप्प बसा म्हणाल्याचे मला आठवत नाही. ते देव्हाऱ्याविना देवघर होते, आणि ते पूर्ण होते.

याच्या उलट, देवघराविना देव्हारा आता पुष्कळ घरांत दिसतो. दिवाणखान्यात टीव्हीच्या बाजूला, छातीच्या उंचीवर भिंतीला टांगलेला सुंदर देव्हारा, पण समोर बसायला जागा नाही. त्यामुळे पूजा उभ्याने, घाईने उरकली जाते आणि हळूहळू खालच्या ड्रॉवरमध्ये किल्ल्या आणि बिले जमू लागतात. यात त्या घराची श्रद्धा कमी आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. वस्तू घेताना जागेचा विचार मागे राहिला, एवढेच. लाकडी देव्हाऱ्याच्या बुटक्या छताखाली निरांजन ठेवल्याने लाकूड काळवंडते, प्रसंगी पेटूही शकते, म्हणून दिवा नेहमी देव्हाऱ्याच्या बाहेर, समोर ठेवावा. आणि त्यासाठीही पुन्हा जागाच लागते.

गोव्यात हा भेद भाषेतच स्पष्ट आहे. तिथल्या हिंदू घरांत देवांच्या खोलीला देवाकूड म्हणतात, आणि कूड म्हणजे खोलीच. ख्रिस्ती घरांतही कोरीव लाकडाचे, दारे असलेले कपाटवजा ओरातोर वेगळे आणि मोठ्या वाड्यांतले खासगी चॅपेल वेगळे.

ज्यांच्या घरात स्वतंत्र खोली निघणे शक्य नाही, त्यांनी देव्हारा लहान करावा आणि वाचलेली जागा त्याच्या पुढच्या जमिनीला द्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. दोन फूट रुंद आणि तीन फूट खोल एवढी मोकळी फरशी, तिथे चपला, खुर्ची किंवा इस्त्रीचे टेबल कधीही न ठेवण्याचा घराचा नियम, आणि समईच्या उजेडात पोथी वाचता येईल इतका आडोसा, एवढ्यात देवघर उभे राहते. घरचे टाक आणि बाळकृष्ण सोबत घेऊन परदेशी गेलेली कितीतरी मराठी कुटुंबे कपाटाच्या एका फळीवर देव ठेवतात. सकाळी दार उघडायचे, समोर पाट टाकायचा, ताम्हण मांडायचे, आणि पूजा होईपर्यंत त्या पाटापलीकडे कुणी जायचे नाही.