२३,३२८ प्रकारांची अळंबी

बुरशीचे दोन तंतू एकमेकांना भेटतात. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर दोन्ही हुबेहूब सारखे. तरी एकाशी मीलन होतं, दुसऱ्याशी होत नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट ब्लेकस्ली यांनी १९०४ मध्ये म्यूकरच्या गोतावळ्यातल्या बुरशींत याचं कारण दाखवलं. पुष्कळ जातींमध्ये दोन प्रकार असतात आणि मीलन भिन्न प्रकारांतच होतं. नर कोण, मादी कोण हे सांगणारी खूणच सापडेना, म्हणून त्यांनी ‘अधिक’ आणि ‘उणे’ अशी नावं दिली. यांनाच आज मेटिंग टाइप म्हणतात.

दोनच प्रकार असते तर गोष्ट सोपी होती. पण लाकडावर पंख्यासारखी उगवणारी शायझोफायलम कम्यून ही अळंबी बघा. तिचा प्रकार डीएनएवरच्या ‘ए’ आणि ‘बी’ या दोन ठिकाणी ठरतो. प्रत्येक ठिकाणाचे पुन्हा दोन भाग. ‘ए’च्या भागांची अंदाजे ९ आणि ३२ रूपं, ‘बी’च्या भागांची ९ आणि ९. गुणाकार करा: २३,३२८!

‘ए’ ठिकाणची जनुकं दोन जातींची प्रथिनं घडवतात. एकाच घरची दोन प्रथिनं एकमेकांत बसत नाहीत. एक आपलं आणि एक परक्याचं असलं तरच जोडी जमते, आणि तीच पुढची जनुकं चालू करते. ‘बी’ ठिकाणी फेरोमोन (जोडीदाराला दिला जाणारा रासायनिक संकेत) आणि त्याला ओळखणारे ग्राही यांची जनुकं असतात. तिथेही स्वतःचा फेरोमोन स्वतःच्या ग्राहीला लागू पडत नाही. मला हेच फार सुंदर वाटतं. समोरचा ‘मी’ तर नाही ना, एवढंच ही बुरशी तपासते.

पूर्ण मीलनासाठी ‘ए’ आणि ‘बी’ दोन्ही वेगळे हवेत. एकाच अळंबीच्या बीजाणूंमध्ये असं ढोबळमानाने चारातून एकदाच जमतं. अनोळखी बुरशी भेटली आणि सगळी रूपं सारख्याच प्रमाणात आहेत असं धरलं, तर शक्यता ९८ टक्क्यांवर जाते. भावंडांचा मार्ग अरुंद, परक्यांना दार सताड उघडं.

यीस्टचं नेमकं उलटं. तिथे ‘ए’ (वरच्या ‘ए’ ठिकाणाशी याचा संबंध नाही) आणि ‘अल्फा’ हे दोनच प्रकार, पण रानटी यीस्टची पेशी आपला प्रकार बदलू शकते. तिसऱ्या गुणसूत्रावर दोन्ही प्रकारांच्या मुक्या, म्हणजे बंद ठेवलेल्या, प्रती जपलेल्या असतात. एचओ नावाचं विकर चालू प्रत कापतं आणि त्या जागी मुक्या प्रतीची नक्कल बसते. त्यामुळे एकट्या पडलेल्या पेशीला स्वतःच्याच वंशात जोडीदार मिळतो. मुक्या प्रती जिथल्या तिथे राहतात, म्हणून हीच अदलाबदल पुढच्या पिढ्यांतही करता येते.