वास न येणं (गंधनाश): कारणं आणि निदान

वास पूर्ण गेला तर अनॉस्मिया, कमी झाला तर हायपॉस्मिया, आणि ओळखीच्या वासाऐवजी भलताच, बहुतेकदा जळकट किंवा कुजकट वास यायला लागला तर पॅरॉस्मिया. पेशंट मात्र "तोंडाला चवच नाही" असं सांगत येतो, कारण आपण जिला चव म्हणतो तिच्यातला मोठा भाग घास चावताना घशामागून नाकात चढणारा वासच असतो. खारट-गोड नीट कळतंय का एवढं विचारलं की खरा दोष कुठंय ते बऱ्यापैकी समजतं.

कारणांचे नेहमीचे दोन गट म्हणजे वास नाकाच्या छतापर्यंत पोचतच नाही, किंवा पोचतो पण पुढची यंत्रणा बिघडलेली असते. पहिल्यात पॉलिप (नाकात वाढणाऱ्या मऊ गाठी), जुनाट सायनस, ऍलर्जीची सूज. ही विभागणी पाठ करायला सोपी आहे एवढंच, कारण सायनसच्या सुजेने गंधपेशींचंही नुकसान होतं. दुसऱ्यात व्हायरल सर्दी, वय, पार्किन्सन्स (इथे हात थरथरायच्या कित्येक वर्षं आधी वास जाऊ शकतो), अल्झायमर्स, आणि डोक्याला मार. गंधाचे बारीक तंतू कवटीच्या तळाच्या भोकं असलेल्या पातळ हाडातून वर जातात, डोकं जोरात आपटून मेंदू हलला की ते तिथेच तुटतात, हाड मोडलेलं नसलं तरी. जन्मजात प्रकारात कालमन सिंड्रोम लक्षात ठेवावा, त्यात वयात येणंही लांबतं. औषधांची यादी लांबलचक दिली जाते पण पुरावा बऱ्याचदा तुटपुंजा. नाकात घालायच्या झिंकच्या काही औषधांबद्दल मात्र अमेरिकेच्या एफडीएने 2009 मध्ये ती वापरू नका असं स्पष्ट सांगितलं होतं.

कोविडमध्ये वास नेमका का जातो यावर बराच वाद झाला. सुरुवातीला व्हायरस थेट गंधाच्या न्यूरॉनमध्ये शिरून मेंदूकडे जातो असं मानणारे होते, काहीजण म्हणत होते की नाकात वर, गंधपेशींकडे जाणारी फट सुजून बंद होते, बाकी काही नाही. 2020 मध्ये असं दिसलं की एसीई-2 रिसेप्टर (ज्यांना चिकटून हा व्हायरस पेशीत शिरतो) न्यूरॉनवर नाही तर त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर आहेत, आणि हेच मत जास्त पटण्यासारखं आहे, कारण बहुतेकांचा वास दोन-तीन आठवड्यांत परत आला, तेवढ्यात नवे न्यूरॉन तयार होऊन जोडले जाणं अवघड. ज्यांचा महिनोन्महिने आला नाही त्यांचं काय, हा प्रश्न उरतोच. काहींच्या गंधत्वचेत (नाकातल्या वास टिपणाऱ्या अस्तरात) व्हायरस गेल्यावरही टी-पेशींची, म्हणजे एका प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशींची, जळजळ चालू असल्याचं 2022 च्या बायॉप्सींमध्ये दिसलं, तर दुसरं एक मत असं की न्यूरॉन जिवंत असतात पण त्यांच्यातले वास टिपणाऱ्या रिसेप्टरचे जीन थंडावतात. दोन्ही एकदम खरं असू शकतं.

निदान हिस्टरीपासून सुरू होतं. एकदम गेला की हळूहळू, मध्येच परत येतो का (येत असेल तर अडथळा किंवा सूज असण्याची शक्यता जास्त), सर्दी किंवा मार आधी होता का. मग एंडोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने नाकाच्या आत बघणं. पेशंटच्या स्वतःच्या अंदाजावर फार विसंबू नये, हळूहळू गेलेला वास अनेकांना कळतही नाही. मोजायला 1980 च्या दशकातली यूपीएसआयटी टेस्ट आहे, 40 वास, खरवडून हुंगायचं आणि चार पर्यायांतून एक निवडायचा. किंवा स्निफिन स्टिक्स, म्हणजे वासाचे पेन, त्यात किती सौम्य वास कळतो, दोन वासांतला फरक कळतो का आणि ओळखता येतो का, प्रत्येकी 16 धरून एकूण 48 गुण, 16 किंवा खाली असेल तर अनॉस्मिया. ओळखायच्या भागात एक अडचण आहे, जो वास माणसाने आयुष्यात कधी घेतलाच नाही तो तो ओळखणार कसा, म्हणून वेगवेगळ्या देशांत वास बदलून टेस्ट पुन्हा तपासाव्या लागतात. सायनससाठी सीटी, जन्मजात प्रकारात किंवा कारणच सापडत नसेल तर एमआरआय, त्यात गंधकंद (मेंदूचा वासाचे संदेश घेणारा भाग) लहान आहे का, आहे तरी का, आणि जवळ गाठ नाही ना हे बघतात.

अपघाताची भरपाई मागताना वास गेल्याचं सोंगही होतं. अमोनिया नाकाजवळ धरला तर खरा अनॉस्मियावालाही दचकतो, कारण झोंबणं वासाची नर्व्ह नाही तर चेहऱ्याच्या संवेदनांची ट्रायजेमिनल नर्व्ह पोचवते. जो म्हणतो मला काहीच जाणवलं नाही, त्याच्यावर संशय घ्यावा.