एक्सेल आलं, आता पुढं काय?
डेटा ॲनालिसिस शिकणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी माहितीपत्रक

आमच्या क्लासात चौकशीला येणाऱ्या मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कोर्स झाल्यावर पॅकेज किती?" सोबतचे वडील मग हळूच विचारतात, "नोकरी पुण्यातच की इथं कोल्हापुरात पण आहे?" आम्हाला वडिलांचा प्रश्न जास्त कामाचा वाटतो. हे पत्रक त्याच अंगानं लिहिलंय.

डेटा ॲनालिस्ट हे नाव एकच असलं तरी त्याखाली चालणारी कामं निरनिराळी आहेत. एक्सेल, एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा), पॉवर बीआय (आकड्यांचे तक्ते-आलेख करायचं सॉफ्टवेअर) ही हत्यारं सगळीकडे तीच. फरक पडतो तो आकडे कुणाचे आहेत आणि त्या धंद्यातलं तुम्हाला किती कळतं यानं. त्यामुळे आधी धंदा ठरवा, पदाचं नाव नंतर बघू.

सुरुवात बहुतेकांची एमआयएसनं

जाहिरातीत लिहितात "एमआयएस एक्झिक्युटिव्ह" (एमआयएस म्हणजे मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टिम). काम असं: टॅलीतून किंवा ईआरपीतून (कंपनीचा सगळा कारभार नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) कालची विक्री, येणं बाकी आणि शिल्लक माल काढायचा, एक्सेलमध्ये नीट लावायचा आणि साहेबांचा चहा होईतो त्यांना पाठवायचा. पगार सुरुवातीला बेताचाच. मुलं नाक मुरडतात, "हे काय, कारकुनीच की!" आमचं मत वेगळं आहे. एकच पार्टी खात्यात तीन स्पेलिंगनं बसलेली असते, तारीख कुठं दिवस आधी तर कुठं महिना आधी अशी पडलेली असते, परत आलेला माल विक्रीतून वजा झालेला नसतो. हे कोर्सच्या स्वच्छ फाइलमध्ये दिसत नाही, रोजच्या कामात दिसतं. वर्षभर हे मन लावून केलेला पोरगा मुलाखतीत लगेच ओळखू येतो. मात्र त्याच खुर्चीत पाच वर्षं तोच रिपोर्ट काढत बसलात, तर पुढचं दार आपोआप उघडत नाही, हेही सांगून ठेवतो.

फाउंड्रीत आणि डेअरीत

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीतल्या कारखान्यांत आकड्यांची कमी नाही, ते वाचणाऱ्यांची आहे. समजा, एका फाउंड्रीचं (धातू ओतून पार्ट करणाऱ्या कारखान्याचं) रिजेक्शन, म्हणजे दोषामुळे बाद झालेला माल, दर महिन्याला ६ टक्क्यांच्या आसपास आहे. मीटिंगमध्ये तोच आकडा, तीच चर्चा. आता तोच डेटा पार्टप्रमाणे, शिफ्टप्रमाणे आणि दोषाप्रमाणे फोडा. कदाचित निम्मं रिजेक्शन दोनच पार्टचं निघेल, त्यातही ब्लो होल जास्त आणि तेही दुसऱ्या शिफ्टला. मग साच्याची वाळू तपासणाऱ्या सँड लॅबचं रजिस्टर उघडायचं आणि त्या वेळेचं मॉइश्चर बघायचं. ब्लो होल म्हणजे पार्टमधली पोकळी, ती वायू अडकून होते, वाळूतला ओलावा हे तिचं एक नेहमीचं कारण. श्रिंकेजची गोष्ट वेगळी. धातू थिजताना आकसतो आणि त्या जागेला फीडिंग (वितळलेल्या धातूचा पुरवठा) पुरलं नाही, की पोकळी राहते. दोन्ही दोष एकाच "रिजेक्ट" रकान्यात टाकले तर कितीही देखणा डॅशबोर्ड केला तरी उपयोग शून्य. हा फरक मेकॅनिकल डिप्लोमावाल्याला आधीच माहीत असतो. त्याला पिव्होट टेबल (आकडे हवे तसे गटांत फोडून दाखवणारा एक्सेलचा तक्ता) शिकवायला फार वेळ लागत नाही. पिव्होट टेबलवाल्याला फाउंड्री शिकवायला मात्र लागतो.

दुधाचं तसंच. म्हशीच्या दुधाला ६.० फॅट आणि ९.० एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) धरून दर ठरतो, हे गावातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. आता हे गणित बघा. एका सभासदानं २ लिटर दूध घातलं, फॅट ८.०. दुसऱ्यानं १० लिटर घातलं, फॅट ६.०. संस्थेच्या दुधाचं सरासरी फॅट किती? एक्सेलला नुसतं ॲव्हरेज विचारलं तर ते ७.० सांगतं. कॅनमध्ये प्रत्यक्षात ६.३३ असतं, कारण दूध जास्त ते सहाच्या फॅटचं आहे. लिटरचं वजन धरूनच सरासरी काढावी लागते. ही चूक भल्याभल्यांच्या रिपोर्टात सापडते. आमच्या पहिल्याच चाचणीत हे गणित असतं (आता फोडलंच म्हणा).

साखर कारखान्यात उतारा आणि तोडणीचं वेळापत्रक, सहकारी बँकेत ९० दिवसांवर थकून एनपीएत (बुडीत धरल्या जाणाऱ्या यादीत) जाऊ पाहणारी कर्जं, इचलकरंजीत लूमचं उत्पादन. यातलं जे तुमच्या घरात रोज बोललं जातं, तिथं तुम्ही दोन पावलं पुढं आहात.

पुणे, बेंगळुरू

तिथं प्रॉडक्ट कंपन्या आणि आयटी कंपन्यांत ॲनालिस्टच्या जागा जास्त आणि पगारही जास्त. स्पर्धाही तशीच. मुलाखतीत एसक्यूएल हमखास. एक आवडता प्रश्न: "तीन महिन्यांत ज्यांनी काहीच खरेदी केली नाही, अशा ग्राहकांची यादी द्या." नवशिका ग्राहकांची आणि बिलांची यादी इनर जॉइननं जोडतो, म्हणजे दोन्हीकडे असतील तेवढेच ठेवतो, आणि ज्यांची यादी हवी तेच ग्राहक उत्तरातून गायब होतात. लेफ्ट जॉइन लावायचं (त्यात ग्राहक सगळे राहतात), त्या तीन महिन्यांची अट जॉइनमध्येच घालायची आणि ज्यांच्यापुढं बिल रिकामं आलं ते उचलायचे.

डेटा इंजिनिअर हा प्रोग्रामिंगची गोडी असणाऱ्यांचा रस्ता. आकडे एका ठिकाणाहून दुसरीकडे वेळेवर आणि न सांडता पोचवणं हे त्याचं काम. डेटा सायंटिस्टसाठी संख्याशास्त्र पक्कं लागतं. सहा महिन्यांत डेटा सायंटिस्ट करून देतो, असं कुणी म्हणालं तर त्यांना नमस्कार करून बाहेर पडा. आम्ही म्हणालो तरी.

संख्याशास्त्र घेऊन मास्तरच व्हायचं का?

असं अजूनही विचारलं जातं. शेतीच्या आकडेवारीत जगभर नाव झालेले पां. वा. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. शिवाजी विद्यापीठात संख्याशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. हा विषय घेऊन पदवी झाली की यूपीएससीच्या भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षा देता येते. केंद्राच्या स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या (एसएससी) सीजीएल परीक्षेतून ज्युनिअर स्टॅटिस्टिकल ऑफिसर आणि राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयातली पदं हेही रस्ते आहेत. विमा क्षेत्रात जायचं तर ॲक्च्युअरी, म्हणजे विम्यातल्या जोखमीचं गणित मांडणारा. त्याची प्रवेश परीक्षा एसेट. परीक्षांची माळ लांब असते, पण गणित आवडणाऱ्यानं जरूर विचार करावा.

"एआय आल्यावर याचं काय?"

फॉर्म्युला आणि क्वेरी आता एआय लिहून देतं आणि बऱ्याचदा बरोबर देतं. वर्गात आम्हीही वापरू देतो. पण वरच्या दुधाच्या उदाहरणात सरासरी साधी हवी की लिटरप्रमाणे, हे तुम्ही विचारलं नाही तर तेही साधी काढून मोकळं होऊ शकतं. उत्तर तपासता येणाऱ्याला काम राहील. नुसता टाइप करणाऱ्याचं अवघड आहे.

दाखवायला काय ठेवायचं?

टायटॅनिकचे प्रवासी आणि आयरिसची फुलं या सरावाच्या तयार फाइली आता पुरे, मुलाखत घेणारे कंटाळलेत. इथलं काहीतरी करा. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी रोज जाहीर होते, ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्यावर भोगावतीचं ते पाणी बंधाऱ्यावर जाणवायला किती तास लागतात, पाऊस कासारी-कुंभी या दुसऱ्या उपनद्यांकडं जास्त असला तर चित्र कसं बदलतं, हे मांडून दाखवा. किंवा पणन मंडळाच्या संकेतस्थळावरून गुळाची आवक आणि भाव घ्या. एकच प्रकल्प करा, पण त्यावर उलटतपासणी झाली तर उत्तरं आली पाहिजेत.

एक काळजी घ्या. जिथं काम करता तिथला डेटा पेनड्राइव्हवर घालून आणू नका. लोकांच्या वैयक्तिक माहितीसाठी २०२३ चा कायदा आहे, आणि कायदा नसता तरी मालकाचा विश्वास आहेच.

आमच्याकडे काय मिळेल, काय नाही

एक्सेल, एसक्यूएल, पॉवर बीआय या क्रमानं शिकवतो. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा त्यानंतर, आणि ज्याला गरज आहे त्यालाच. नोकरीची हमी देत नाही. पहिल्या दोन बैठका मोफत आहेत. त्या झाल्यावर तुम्हाला हे जमेल की नाही यावर आमचं मत तोंडावर सांगतो आणि फीचं बोलणं त्यानंतरच होतं. चालू नोकरीवाल्यांसाठी बॅच संध्याकाळी असते. पहिली पाळी सुटल्यावर शिरोलीहून थेट येणारे त्यात बरेच आहेत.

येताना शिक्षणाची कागदपत्रं नकोत. घरचा व्यवसाय असेल तर त्याची एखादी वही आणा: दुकानाची उधारी, दुधाचं पासबुक, ऊसबिलं, काहीही. पहिली फाइल आपण तीच करू.